वळणावर दाखवायचा हात

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर तुम्ही मोटरसायकली घेऊन कशाला जाता, हा प्रश्न मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत मला वर्षातून दहा वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्याचा सूर असा असतो की, डोंबिवलीत खड्डे कमी पडले का तुम्हाला? आजवर मी हसून वेळ मारून नेत असे. या वेळी मात्र सगळं लिहायचं ठरवलंय. एक तर ही आमची बहुधा शेवटची फेरी होती. आणि दुसरं म्हणजे त्या दिवसाची जी हकिकत सध्या आमच्या ओळखीच्यांत फिरते आहे ती खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी फक्त दोघांना माहीत आहे आणि त्यातला दुसरा ती कधीच सांगणार नाही.

आम्ही तिघं. शिरीष, नंदू आणि मी, अविनाश. एकमेकांना शिऱ्या, नंद्या आणि अव्या. पंचेचाळिशी ओलांडली तरी ही नावं काही सुटली नाहीत. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही तिघं मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रेस शॉपमध्ये एकत्र लागलो होतो. पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांची रांग, कानात कापसाचे बोळे आणि बोलायचं ते सगळं हातवाऱ्यांनी. मी आणि शिरीष दोन-तीन वर्षांत कंटाळून बाहेर पडलो. तो लिफ्टचा मेकॅनिक झाला, मी एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नंदू मात्र तिथेच टिकला, सुपरवायझर झाला, पुढे अख्ख्या शॉपचा मॅनेजर झाला आणि दोन वर्षांपूर्वी डोंबिवली सोडून घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेला.

तिथून आमचं बिनसायला लागलं. नंदू फोन उचलेनासा झाला, मेसेज कर म्हणायचा. हॉटेलात गेलो की भिंतीला पाठ लावून सगळे समोर दिसतील अशी खुर्ची धरायचा. मागून हाक मारली तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. विनोदावर सगळे हसून झाले की मग हा हसणार, तेही मेहरबानी केल्यासारखं. आम्ही निदान करून मोकळे झालो की घोडबंदरला गेल्यापासून नंद्याला माज आलाय. मी तर त्याचं नावच ‘साहेब’ ठेवलं. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, हे वाक्य मी त्याच्याबद्दल किती वेळा ऐकवलं असेल कोणास ठाऊक. शिरीष तेवढा म्हणायचा, जाऊ दे रे, त्याला टेन्शन असेल कामाचं.

कधी न गेलेल्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. उताराची वाट अरुंद असली की एका वेळी एकानेच उतरायचं. खाली पोचला की त्याने एक लांब हॉर्न द्यायचा, म्हणजे वाट मोकळी आहे, ये. वरच्याने एक छोटा द्यायचा, म्हणजे कळलं, निघतो. तीन हॉर्न म्हणजे थांब, वाटेत माणूस आहे. आणि वरून उत्तर आलंच नाही, तर ज्याने हॉर्न दिला त्यानेच पायी वर चढायचं, वरच्याला दिसेल अशा वळणापर्यंत, आणि हात दाखवायचा. डोंगरात वारा फिरला की हॉर्न कुठल्या कुठे जातो, म्हणून. हे नियम नंदूनेच केलेले. दहा वर्षांपूर्वी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहून त्याने आम्हाला ते घोकायला लावले होते, आणि तेव्हा आम्ही त्याला हेडमास्तर म्हणायचो. तेव्हा ते प्रेमाने होतं.

शहाडच्या पुलापलीकडे

फेब्रुवारीतला रविवार होता. मी आणि शिरीष मानपाड्याहून कल्याणमार्गे, नंदू घोडबंदरहून माजिवडा, भिवंडीमार्गे. शहाडचा पूल ओलांडून पुढे एका टपरीवर भेटायचं ठरलं होतं. आम्ही पोचलो तर नंदू आधीच हजर, हेल्मेट घालूनच चहा पीत उभा. शिरीषने मागून जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा तो इतका दचकला की चहा हातावर सांडला. शिरीष हसला. मीही हसलो, पण माझं हसणं चांगलं नव्हतं.

वडापाव छान होता. लसणाची कोरडी चटणी, मिरची अशी की डोळ्यांत पाणी यावं. शिरीष तीन खाऊन चौथ्याकडे बघत होता आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर जुन्या क्रिकेट पॅडमधून कापलेले संरक्षक तुकडे बांधलेले होते. त्याची ही पद्धत जुनी आहे. विकतच्या वस्तूंवर त्याचा विश्वास नाही. लिफ्टच्या खोल विहिरीत दोरावर लोंबकळणारा हा माणूस, जिना चढताना मात्र कठड्याला धरून चढतो. पाय सलामत तर रोजी सलामत, असं म्हणतो. म्हणायचा.

मुरबाडच्या पुढे कुठल्या फाट्यावर वळलो ते लिहीत नाही. पूर्वी लिहिलं नसतं ते गर्दी होऊ नये म्हणून. आता त्या वाटेचं नाव घ्यावंसंच वाटत नाही.

डांबर संपतं तिथे

डांबर संपलं की आधी टायरमधली हवा कमी करायची असते, म्हणजे दगडमातीत चाक घसरत नाही. पूर्वी हे काम नंदू तिघांसाठी करायचा. काडीने वॉल्व दाबून, मान कलती करून, हवेच्या फुसकाऱ्यावरून तो सांगायचा की बस, झालं. मीटर लावून बघितलं तर एखाद्या आकड्याचा फरक. इंजिनाचंही तसंच, गाडी नुसती सुरू केली की लांबूनच सांगायचा, तुझी चेन सैल आहे. या वेळी त्याने खिशातून आकडे दाखवणारा परदेशी मीटर काढला आणि प्रत्येक चाकाला लावून बसला. मी शिरीषला डोळा मारला. साहेबांची खेळणी.

शिरीष झाडाआड गेला तेव्हा नंदू माझ्या गाडीपाशी आला.

‘‘अव्या, आज उताराला हॉर्नवर नको राहूस,’’ तो म्हणाला. ‘‘खाली पोचलास की वळणापर्यंत वर ये आणि हात दाखव. मी हात बघूनच निघेन.’’

‘‘का? हॉर्नला काय झालं?’’

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘काही नाही. तेवढं कर.’’

मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, बाविसाव्या मजल्यावरून आता डोंगरातही हुकूम सुटायला लागले. हे बोलणं झालं तेव्हा तिथे आम्ही दोघंच होतो. शिरीषला मी ते सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

पुढचा दीड तास मात्र स्वर्ग होता, हे कबूल करायला हवं. त्या दिवसांत डोंगरउतारावरच्या शेतांत राब भाजतात. फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून वर माती टाकून जाळायचं आणि त्या भाजलेल्या तुकड्यात पुढे भाताची रोपं करायची. काळे चौकोन, मधे पिवळी खाचरं आणि बांधावर पळस असा फुललेला की बघत बघत मी एका बांधावरून सरळ खाली गेलो आणि खाचरात आडवा झालो. लागलं काही नाही. शिरीष पोट धरून हसत होता आणि नंदूने येऊन आधी माझ्या गाडीची किल्ली बंद केली, मग मला हात दिला. त्याचा क्रम कधी चुकत नाही. त्या क्षणी मला तो जुना नंदू वाटला आणि बरं वाटलं. ते मी त्याला बोलून दाखवलं नाही.

पठारावरची वाडी

वर पठारावर सहा-सात घरांची वाडी आहे. तिथले हरीबाबा आमच्या ओळखीचे. दर वर्षी त्यांच्या ओटीवर आम्ही बसतो, डोंबिवलीहून नेलेली फळं आणि चहापावडर देतो आणि त्या बदल्यात जेवतो, असा आमचा न बोललेला करार. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. भाकरी इतकी पातळ आणि मऊ की घरी गेल्यावर बायकोपुढे तिचं नाव काढायची सोय नाही.

ओटीच्या वळचणीला एक लांब बांबू अडकवलेला होता. शिरीषने विचारलं की हा कशाला. हरीबाबा म्हणाले, झोळीचा. वाडीला रस्ता नाही, तेव्हा आजारी माणूस, अडलेली बाई, सगळं याच बांबूवरून घोंगडीच्या झोळीत खाली डांबरापर्यंत न्यायचं. पुढच्याला वाट दिसते, मागच्याला झोळीमुळे पायाखालचं काही दिसत नाही. म्हणून पुढचा प्रत्येक धोंडा, प्रत्येक खड्डा तोंडाने सांगत जातो आणि मागच्याने हुंकार द्यायचा. हुंकार आला नाही तर पुढचा पाऊलच टाकत नाही. ‘‘येकदा न्हाय आला हुंकार तर उभं ऱ्हायाचं,’’ ते म्हणाले. ‘‘का न्हाय आला, ते बघायाचं.’’

या वाडीत एका घरातून हाक मारली की दुसऱ्या घरातून ओ येतेच, मग काम असो नसो. आमच्या इमारतीत समोरच्या दाराला कुलूप आहे की नाही ते मला ग्रुपवरचा मेसेज वाचून कळतं. मी हे असं काहीतरी तिथे बोललोही, आणि शहाणपणाचं बोललो म्हणून खूश झालो.

जेवण झाल्यावर हरीबाबांची कारभारीण पाण्याचा तांब्या घेऊन नंदूच्या मागे येऊन उभी राहिली. दादा, पाणी, दादा, पाणी, असं तिने तीनदा म्हटलं. नंदू समोर डोंगराकडे बघत ढिम्म. शेवटी तिने तांब्या त्याच्या बाजूला ठेवला आणि आत गेली. मला इतका संताप आला की कान तापले. आमच्याशी कसाही वाग, पण जिच्या हातचं जेवलास तिच्याशी? मी ठरवून टाकलं की आज याच्याशी आपणहून एक शब्द बोलायचा नाही.

उतार

पठारावरून दुसऱ्या बाजूला उतरणारी वाट म्हणजे एक घळ आहे. दोन्ही बाजूंना डोक्याइतके मातीचे काठ, मधे हातभर सुटा मुरूम आणि त्यावर सागाची वाळकी पानं. मध्यावर एक वळण आहे. वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं दिसत नाही, वळणावरून मात्र दोन्हीकडचं दिसतं. चालत तिथवर चढायला पाच मिनिटं पुरतात.

शिरीष पहिला उतरला. लांब हॉर्न आला, मी छोटा दिला आणि उतरलो. पाय टेकवत, घसरत, एकदा पडत खाली पोचलो, गाडी बाजूला लावली आणि लांब हॉर्न दिला. वरून उत्तर नाही. पुन्हा दिला. उत्तर नाही. ऊन चढलेलं, अंगात जाड जाकीट, पायात गुडघ्यापर्यंत बूट. शिरीष म्हणाला, ‘‘जा ना, हात दाखवून ये. तुझी पाळी आहे.’’

मी दगडावर बसलो. ‘‘मी नाही चढत त्याच्यासाठी. ऐकू येतंय त्याला सगळं. येईल साहेब सवडीने.’’

हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे. सकाळचं नंदूचं बोलणं मी विसरलो होतो, असं लिहिता आलं असतं. विसरलो नव्हतो. उलट ते आठवत होतं म्हणूनच मी बसून राहिलो. हात बघूनच निघणार ना, मग बस म्हटलं वर ऊन खात.

दहा मिनिटं गेली. शिरीषला असं कोणाला ताटकळत ठेवणं जमत नाही. त्याने हेल्मेट काढून गाडीच्या आरशाला अडकवलं आणि म्हणाला, ‘‘राहू दे, मीच बघून येतो. पंक्चर झाला असेल तो.’’ आणि कठडा नसलेल्या त्या वाटेने, काठाच्या मुळ्या धरत धरत वर निघाला.

तो वळणाच्या जरा अलीकडे पोचला असेल आणि वर नंदूचं इंजिन सुरू झालं. इतका वेळ हात दिसेना, तेव्हा खाली आमचंच काही झालं असं त्याला वाटलं असावं. मी उडी मारून गाडीपाशी गेलो आणि तीन हॉर्न दिले. पुन्हा तीन. पुन्हा तीन. मग बटणावरून अंगठाच काढला नाही. इंजिनाचा आवाज तसाच खाली येत राहिला. शिरीष मला दिसत होता. तो काठाला चिकटला, पण त्या घळीत चिकटून चिकटून किती जागा मिळणार. नंदू वळणावर आला, समोर माणूस बघून त्याने दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक पानांवरून सुटलं आणि गाडी आडवी होऊन शिरीषच्या पायावर गेली.

शिरीष ओरडला नाही. आवाज आला तो हाडाचा.

मी वर पोचलो तेव्हा नंदू गाडी उचलून बाजूला टाकत होता. मी त्याची कॉलर धरली. तीन दिले होते, नऊ वेळा वाजवला, बहिरा झालास का, असं काहीबाही मी ओरडत होतो. तो माझ्या ओठांकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. मला अजून त्या चेहऱ्याला नाव देता येत नाही.

झोळी

फोनला रेंज नव्हती. मी घळीतून धावतपळत कसाबसा वर वाडीत गेलो. रविवारचा बाजार असल्याने वाडीत पुरुष म्हणजे हरीबाबा आणि त्यांचा थोरला मुलगा दत्तू, बस्स. ते बांबू आणि घोंगडी घेऊन धावत निघाले. शिरीषच्या पायाला दोन फाटे बांधले, त्याला झोळीत घातलं आणि दोन्हीकडे दोघं दोघं लागायचं ठरलं. पुढे हरीबाबा आणि मी, मागे दत्तू आणि नंदू. पण ती घळ इतकी अरुंद की दोघं बरोबरीने चालूच शकेनात. तेव्हा एका वेळी पुढे एक, मागे एक. पुढे हरीबाबांनी खांदा दिला, मागे नंदूने हट्टाने दिला.

‘‘डावीकडं धोंडा,’’ हरीबाबा म्हणाले. मागून काही नाही. ‘‘धोंडा डावीकडं,’’ पुन्हा म्हणाले. नंदूचा पाय नेमका त्या धोंड्यावर पडला, झोळी हिसकली आणि शिरीष पहिल्यांदा किंचाळला.

हरीबाबांनी झोळी खाली ठेवायला लावली. मागे आले. नंदूच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, ‘‘भाऊ, जरा बाजूला व्हा.’’ नंदू हलला नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर अलगद हात ठेवला, त्याला बाजूला केलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ‘‘ह्यांना ऐकाया येत न्हाय.’’

दहा पावलं. ज्या माणसाने नंदूला वर्षातून एकदा पाहिलं त्याला दहा पावलांत कळलं. आम्ही दोन वर्षं त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो, त्याला नावं ठेवली, त्याच्या प्रत्येक गप्प बसण्याचा अर्थ लावला. हा एक सोपा अर्थ तेवढा आमच्या डोक्यात आला नाही. प्रेस शॉपमधला तो खणखणाट मी स्वतः तीन वर्षं ऐकलाय. नंदूने वीस वर्षं ऐकला.

मागे दत्तू लागला, मग मी. हरीबाबा सांगत, मी हुंकार देई. नंदू झोळीच्या पुढे वीसेक पावलं एकटाच चालत होता आणि वाटेतले सुटे दगड पायाने, हाताने बाजूला सारत होता. खाली डांबरापर्यंत पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

डांबरावर टेम्पोची वाट बघताना तो माझ्याशी बोलला. ‘‘डावा कान पूर्ण गेलाय,’’ तो म्हणाला. ‘‘उजव्यात थोडं उरलंय. समोर बघून बोललं तर कळतं.’’

सांगायचं होतंस ना, असं मी म्हटलं. समोर बघून.

‘‘कंपनीत कळलं तर उचलून स्टोअरला बसवतील,’’ तो म्हणाला. मग स्टोअरमध्ये मी बसतो हे त्याच्या लक्षात आलं असावं. ‘‘आणि तुम्ही सांभाळून घेतलं असतंत रे. सगळीकडे हात धरून. ते नको होतं. वर्षातला हा एक दिवस तरी.’’

मी वाट बघत होतो की आता तो म्हणेल, मी तुला सकाळी हात दाखवायला सांगितलं होतं. तो म्हणाला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिरीषच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून जाकीट धरून उभा राहिला. तेव्हाही म्हणाला नाही, मुरबाडला शिरीषच्या पायाला फळी बांधत होते तेव्हाही नाही, आणि कल्याणच्या हॉस्पिटलात शिरीषच्या बायकोने सगळ्यांसमोर त्याला विचारलं की भाऊजी, हॉर्न दिला होता तरी तुम्ही आलात कसे, तेव्हाही नाही. तिला तो म्हणाला, माझी चूक झाली वहिनी. मी शेजारीच उभा होतो.

घोडबंदर रोड, बाविसावा मजला

त्या दिवसाला आता चार महिने झाले. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. आत सळई आहे. गुडघ्याच्या खाली एक नस दबली, तिचं काही होईल असं डॉक्टरांना वाटत नाही, त्यामुळे पाऊल पुढून लोंबतं. लिफ्टच्या विहिरीत उतरणं संपलं. शिरीष आता तक्रारींचे फोन घेतो. कोणत्या इमारतीची लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली ते दिवसभर लिहून घेतो आणि दुसऱ्या पोरांना पाठवतो. मी गेलो की तो स्वतःआधी मला चहा द्यायला सांगतो. परवा म्हणाला, ‘‘तू तर तीन वाजवलेस. तू अजून काय करणार होतास?’’ मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून पडलं. तेवढ्याने निमित्त मिळालं खाली बघायला.

नंदू त्याला भेटायला दोनदा गेला. दोन्ही वेळा दारातूनच सांगितलं गेलं की झोपलेत. दुसऱ्या वेळी मी जिन्यात होतो आणि आतून टीव्हीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. नंदूला तो ऐकू आला नसणार. त्या सगळ्या महिन्यांत मला बरं वाटलेली एवढी एकच गोष्ट.

मागच्या शनिवारी मी त्याच्याकडे गेलो. माजिवड्यापासूनच गाड्या तुंबल्या होत्या, पोचायला दीड तास लागला, आणि तो दीड तास मी एकच वाक्य मनात जुळवत होतो. खाली पार्किंगमध्ये त्याची गाडी झाकून ठेवलेली होती. दोन्ही टायर बसलेले. घरी तो एकटाच होता. टेबलावर कानाच्या मशीनची डबी उघडी पडली होती आणि मशीन डबीतच होतं. त्याने ते हातात घेऊन मला दाखवलं, म्हणाला कंपनीत सांगून टाकलं, आता लपवायचं काय उरलंय. मग डबीत परत ठेवलं आणि ओट्यापाशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून चहा टाकला.

मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. मी बोललो. जोरात नाही, पण पुटपुटलोही नाही. म्हटलं, नंद्या, तू मला हात दाखवायला सांगितलं होतंस. मला आठवत होतं. मी मुद्दाम नाही आलो. तुझी वाट लावायला नाही, नुसता तुला तिष्ठत ठेवायला. ती वाट मी चढायची होती, शिऱ्याने नाही. तुझी काही चूक नव्हती आणि हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. सांगू शकलो नाही. माफ कर. सगळं, एका दमात, न अडखळता. इतकी वर्षं आम्ही दोस्त आहोत, पण त्याच्याशी इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो.

नंदू चहा गाळत होता. गाळून झाला, त्याने दोन कप उचलले आणि वळला. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असेल. त्याने कप खाली ठेवले आणि डबीकडे हात नेला.

‘‘काही म्हणालास? थांब, मशीन लावतो.’’

त्याने ते कानात बसवलं, बोटाने नीट केलं आणि मान कलती करून माझ्याकडे बघत उभा राहिला. अगदी तसाच, टायरची हवा ऐकायचा तसा. आता त्याला ऐकू येणार होतं. खिडकीची काच बंद होती आणि खाली घोडबंदर रोडवर गाड्यांची रांग लांबपर्यंत गेली होती.

‘‘ट्रॅफिक फार आहे म्हटलं,’’ मी म्हणालो.

त्याने खाली वाकून पाहिलं. ‘‘हो,’’ तो म्हणाला, ‘‘रोजचंच आहे,’’ आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.